आमचा अणूचा तांबट

ये गं, अशी जवळ ये. त्या खुर्चीवर नको, इथं माझ्याशेजारी पलंगावर टेक. आणि आधी मला सांग, सकाळी भंगारवाल्याला हाक कुणी मारली? मी न्हाणीघरात होते, पण माझे कान बाहेरच होते. "काका, ही खुर्ची देऊन टाकू का? हिला पाय जास्त आहेत." अगं, पाय जास्त आहेत म्हणून कुणाला घराबाहेर काढतात का? पुतणी म्हणून लाड करते, पण हे मला नाही आवडलं हं.

मला माहितेय तुझा राग कशाचा आहे. काल त्या खुर्चीनं तुझ्या पाठीत गुद्दा घातला. घालणारच! तिच्या दोन्ही हातांवर आपले दोन्ही हात ठेवल्याशिवाय तिला टेकायचं नसतं, आणि तू एका हातात मोबाइल धरून टेकलीस. साध्या सुतारानं केलेली नाही ती. अणुभट्टीची भांडी करणाऱ्या माणसानं केलीय. हसू नकोस. ऐक, सांगते तुला सगळं.

आपल्या मागच्या दोन खोल्यांत राहायचा तो. मूळचा देशावरचा, उंच, हडकुळा, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बारकी टॉर्च. साजगावच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनियर होता. मी त्याला तोंडावर साहेब म्हणायचे. आळीत मात्र त्याचं नाव पडलं अणूचा तांबट, आणि ते पाडलं मी.

झालं असं, तो राहायला आला आणि सगळीकडे बातमी पसरली की हा अणूचं काम करतो. दूधवाला पातेलं लांबूनच सरकवायला लागला. इस्त्रीवाला त्याचे शर्ट वेगळ्या गाठोड्यात बांधायचा. शेजारच्या आजी मला बाजूला घेऊन विचारतात, "काय गं, लाईट गेली की त्याच्या अंगाचा उजेड पडतो का?" शेवटी मीच हिय्या केला आणि म्हटलं, "साहेब, खरं सांगा, डब्यातून घरी काही आणत नाही ना?"

"वहिनी," तो म्हणाला, "आमच्याकडे अणू नसतोच. आम्ही नुसती भांडी करतो. मोठाली भांडी, त्यांची झाकणं, उचलायचे चिमटे. शिजवणं सगळं दुसरीकडे."

"म्हणजे तांबट आहात तुम्ही!"

मला वाटलं, झालं, एवढा शिकलेला माणूस दुखावला. तर टॉर्चचं बटण दोनदा चालू-बंद करून म्हणाला, "हो की. फक्त कल्हई वेगळी."

तेव्हापासून आमचं जमलं.

त्याच्या तोंडात सदानकदा एकच शब्द, गळती. "जगात सगळं गळतं वहिनी. प्रश्न एवढाच, किती गळतं." झाकणं हा त्याचा विषय. त्यानं म्हणे भट्टीच्या भांड्याचं असं एक झाकण बनवलं होतं की आतलं काही बाहेर येणार नाही आणि बाहेरचं काही आत जाणार नाही. मोठे मोठे लोक ते बघायला आले होते. तो घरी आला की माझ्या फळीवरचे डबे बघायचा. उदबत्ती पेटवून झाकणाच्या कडेकडेनं फिरवायचा आणि धूर कुठं हलतो ते निरखायचा. एकदा गंभीर चेहऱ्यानं मला म्हणाला, "तुमच्या चिवड्याच्या डब्याला गळती आहे."

मी म्हटलं, "आहेच. पण ती झाकणातून नाही. संध्याकाळी मी देवाला दिवा लावायला गेले की होते."

तुझे काका तिकडं पेपरात तोंड खुपसून बसले होते. वर बघितलं नाही त्यांनी.

कारखान्यातल्या त्याच्या एका खोलीत म्हणे डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, पायात वेगळ्या पिशव्या घालून जायचं, कशाला उघडा हात लावायचा नाही, बाहेरच्यानं शिवायचं नाही. तो हे सगळं इंग्रजीत समजावत बसला. मी म्हटलं, "अहो, सोवळं म्हणा ना सरळ! आमच्या सासूबाई लोणचं घालताना ह्याहून कडक असायच्या." त्याला तो शब्द एवढा आवडला की त्यानं तो कारखान्यात नेला. तिथले वेल्डर फोनवर सांगायला लागले, "थांबा जरा, साहेब सोवळ्यात आहेत."

शब्द नेला तशी एकदा माझी सांडशीही नेली. मी भाताचं पातेलं उतरवत होते, तो दारात उभा राहून बघत होता. "वहिनी, तुम्ही जेवढं दाबता तेवढी ती घट्ट होते आणि पातेलं वाकडं होत नाही. पुन्हा धरा बघू." मला बाई भात तीनदा चढवायला आणि उतरवायला लावला. त्यावरून त्यानं कारखान्यात लांब हाताचा चिमटा केला, माणसानं जवळ न जाता जड वस्तू उचलायचा. पसंत पडला म्हणून पेढे घेऊन आला, पण पहिला पेढा मला नाही, तिकडं कारखान्यातच सांडशीला दाखवून झाला होता. हळदकुंकूही लावलं तिला. पण माझी सांडशी काही परत मिळाली नाही. तिच्याऐवजी चकचकीत, माणसाएवढ्या लांब हाताची एक मिळाली. तिनं भात उतरवायचा तर मला अंगणात उभं राहावं लागलं असतं. तुझे काका तिनं कैऱ्या काढतात, आणि दुपारी पडल्या पडल्या पंखा बंद करतात.

सगळं बरं होतं गं, पण त्याला फर्निचर करायचा नाद होता. तिथं त्याचं डोकं जास्तच चालायचं. आधी मला जेवणाचं टेबल करून दिलं. त्याला चहूबाजूंनी कठडा. का, तर सांडलेलं काही टेबलाबाहेर जाता कामा नये. पहिल्याच दिवशी काकांच्या हातून आमटीचं पातेलं कलंडलं. एक थेंब खाली नाही गेला! सगळी आमटी टेबलावर तळं करून राहिली, तिच्यात पापड तरंगायला लागले, आणि हा टाळ्या वाजवतोय, "गळती शून्य! गळती शून्य!" आम्ही ताटं हातात धरून उभ्यानं जेवलो.

मग ही खुर्ची. "एक मोडलं तर दुसरं हवं, दुसरं मोडलं तर तिसरं" असं त्यांच्या धंद्यात असतं म्हणे. म्हणून हिला सात पाय. चार कामाचे, दोन राखीव, आणि मागचा तो तिरका आहे ना, तो माणूस मागे कलंडला तर धरायला. आणि दोन हातांची भानगड कशासाठी? कारखान्यात मोठ्या यंत्राला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच ते चालतं, म्हणजे हात कुठं सापडत नाही. तेच त्यानं इथं आणलं. दोन्ही हात ठेवले तर पाठ मऊपणानं मागे जाणार. एक हात उचलला की खुर्ची समजते, माणूस संकटात आहे, आणि त्याला ढकलून उभा करते. काका हिच्यावर पेपर वाचायला बसायचे. पान उलटलं की उभे. त्या वर्षी त्यांनी फक्त पहिलं पान वाचलं.

आता मला सांग, अशा माणसाचं लग्न जमायचं कसं? आईवडील त्याला नव्हते. मला काळजी. माथेरानला माझ्या ओळखीचं एक घर होतं, पाहुण्यांना खोल्या देणारं. वडील गेलेले, आई आणि मुलगी दोघींनी सगळं सांभाळलेलं. मुलगी चुणचुणीत, खळखळून हसणारी. पण शब्द चालायचा तिच्या मामाचा. मामा खालापूरच्या बाजूचा शेतकरी, आडदांड माणूस, भाचीवर जीव. ती मंडळी मुलाला बघायला आपल्याकडे आली. मी सगळ्यांना सतरंजीवर बसवत होते, तेवढ्यात मामा नेमका ह्या खुर्चीवर जाऊन टेकला. हात हातांवर होते तोवर ठीक. मग साहेब समोर आला, मामानं नमस्काराला दोन्ही हात उचलले, आणि खुर्चीनं त्याला उभं केलं. तो पुन्हा बसला. मी पोहे पुढं केले, त्यानं बशी घ्यायला हात उचलला, पुन्हा उभा!

"आयला, खुर्ची हाय का रेडा?" मामा ओरडला. "बसू देत नाय माणसाला!"

"संरक्षण आहे ते," साहेब म्हणाला.

"कुणाचं? आमच्यापासून तुमचं?"

मुलगी एवढी हसली की पोहे नाकात गेले. पण मग डोळे पुसून तिनं एकच प्रश्न विचारला. "आमच्याकडे लाल धूळ फार. कपाटात पांढरी साडी ठेवली की गुलाबी होऊन निघते. ह्याला काही करता येईल का?"

अगं, त्याचा चेहरा बघायला हवा होतास. तिनं सरळ 'तुम्ही मला आवडलात' म्हटलं असतं ना, तरी तो एवढा फुलला नसता. त्यानं विचारलं, "धूळ बारीक आहे की जाड?"

त्यानं तिच्यासाठी कपाट केलं. जाडजूड पोलादी पत्र्याचं, दाराला भट्टीच्या झाकणासारखी काळ्या रबराची कड, आणि मूठ म्हणजे गाडीचं स्टिअरिंगच. त्याला मी विचारलं, हवा जायला कुठं भोक ठेवलंय का? तर मला म्हणाला, "वहिनी, भोक म्हणजे गळतीची सुरुवात." माथेरानात गाड्या नाहीत, तेव्हा गाड्या जिथं थांबतात त्या दस्तुरीपर्यंत टेंपोनं आणि पुढं हातगाडीवर ते चढवलं, दार वेगळं, कपाट वेगळं. हातगाडीवाल्यांनी वाटेत त्याला काय काय म्हटलं ते मी तुला सांगणार नाही. वर नेऊन त्यानं दार बसवलं. मुलीनं आत पांढरा रुमाल ठेवला, आठवड्यानं काढला, तर पांढराच! लग्नाला तिथंच होकार मिळाला.

मामानं मात्र भर बैठकीत अट घातली. "पोरगी देतो. पण ह्या मानसाच्या कुठल्या बी यंत्रापायी मुहूर्त हुकला, तर मी पोरगी परत घेऊन जानार. आत्ताच सांगून ठेवतो. मग कोन काय म्हनतंय त्ये आमी आयकनार नाय." तो बोलला की करणारा माणूस होता. साहेबाचा चेहरा उतरला. ती मुलगी त्याला किती हवी होती ते मला माहीत होतं. त्या आठवड्यात त्यानं माझा एकही डबा तपासला नव्हता.

लग्नाचा हॉल कर्जतला घेतला, कारण एवढे पाहुणे वर चढवायचे कसे? मुहूर्त दुपारचा. लग्नाच्या सकाळी वर माथेरानला मुलीच्या आईनं शालू, दागिने, अंतरपाट, मुंडावळ्या, सगळं त्या कपाटात भरलं, खाली येईपर्यंत धूळ नको म्हणून. मंगळसूत्रसुद्धा त्यातच. खरं तर ते आपल्याकडनं न्यायचं, पण साहेब म्हणाला होता, त्या कपाटाइतकी सुरक्षित जागा सगळ्या तालुक्यात नाही. दार लावलं, मूठ फिरवली. हातगाडी, मग टेंपो, मग घाट उतरून नेरळ, आणि कपाट हॉलवर हजर. रुखवताच्या शेजारी उभं केलं. मुलगी हळदीच्या पिवळ्या साडीत, शालू नेसायच्या घाईत.

तिनं मूठ फिरवली. फिरली. दार ओढलं. नाही आलं.

साहेबानं ओढलं, नाही. काकांनी आणि साहेबानं मिळून ओढलं, नाही. वाढपी आले, आचारी आला, मामा आला. सगळे मिळून ओढताहेत, तर कपाटच त्यांच्यामागून हॉलभर चाललंय, लाडवांचं रुखवत पाडत. दार काही उघडेना. मांडववाल्यानं ड्रिल आणलं, त्याचं टोक मोडून उडालं ते थेट मठ्ठ्यात. मामानं पहार घातली, पहार वाकली.

साहेब खाली फरशीवर बसला. कपाटाला कान लावला. मग मला हळूच म्हणाला, "वहिनी, दार अडकलेलं नाही. दाबलंय."

"कुणी?"

"हवेनं. वर माथेरानला हवा पातळ असते. सकाळी दार लावलं तेव्हा ती पातळ हवा आत कोंडली. इथं खालची हवा जाड. ती बाहेरून दार दाबून बसलीय. हत्ती टेकलाय म्हणा ना." आणि बोलता बोलता त्याचा चेहरा उजळला गं! "म्हणजे बघा, एवढा घाट उतरूनही बाहेरची हवा आत शिरली नाही. गळती शून्य!"

"गळती शून्य आन् तुमची बायको बी शून्य!" मामा गरजला. "भटजी, किती वेळ हाय मुहूर्ताला?"

भटजींनी घड्याळ बघितलं आणि तेच मामापुढं धरलं.

मुलगी कपाटाकडे बघत म्हणाली, "कुकरलासुद्धा शिट्टी असते हो." साहेबानं मान खाली घातली. मग तिनंच विचारलं, "हे परत वर नेलं तर?"

"आपोआप उघडेल," तो म्हणाला. "पण मुहूर्ताच्या आत तेवढं चढून होईल की नाही, ते मी सांगू शकत नाही." खोटं बोलायची कला नव्हती त्याला.

"नाय जमायचं," मामा म्हणाला. "मी काय बोललो व्हतो? चल गं पोरी, घरी."

"मामा," ती म्हणाली, "घर वरच आहे ना आपलं? मग तिकडंच चाललेय की मी. कपाट घ्या बरोबर. मुहूर्त चुकला तर मला घरी सोडा."

मामा काही बोलायच्या आत ती टेंपोत चढलीसुद्धा.

कपाट पुन्हा टेंपोत बांधलं, हारांची टोपलीही घेतली. ती, तिची आई, साहेब, मी आणि मामा मागे कपाटाशेजारी, आणि भटजी पुढं ड्रायव्हरजवळ. तुझे काका पाहुण्यांना सांभाळायला मागे राहिले. म्हणाले, लग्न होवो न होवो, श्रीखंड उन्हानं आंबेल. त्यांनी पंगत बसवून टाकली.

मे महिन्याचं ऊन. घाटाची वळणं. कपाट तापून असं झालं की वर पापड भाजावा. "आतली हवाही तापून फुगतेय," साहेब म्हणाला, "वर पोचायच्या आधीच दार सुटेल कदाचित." साहेब डॉक्टरसारखा कान लावून बसलेला आणि प्रत्येक वळणावर मूठ फिरवून दार ओढून बघतोय. "अजून नाही. अजून नाही." पुढून भटजी ओरडताहेत, "साहेब, मुहूर्त जवळ आला हो!" शेवटी मामा हट्टानं दारालाच पाठ लावून बसला. "बगतोच मी कसं उघडतंय त्ये."

मिनी ट्रेनचे रूळ रस्ता ओलांडतात ना, तिथं टेंपो थांबला. गाडी यायची होती. भटजी खिडकीतून अर्धे बाहेर येऊन म्हणाले, "ही मुहूर्ताची शेवटची घटका. ही गेली की माझ्याकडून संपली गोष्ट." मुलीनं साहेबाकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं मला.

आणि कपाट बोललं. आधी 'फस्स', मग 'धाड'! दार असं उघडलं की मामा उडून फुलांच्या हारांच्या टोपलीत पालथा.

"उतरा, उतरा!" मी ओरडले. शालू नेसायला वेळ कुठला, हळदीच्या साडीवरूनच आईनं गुंडाळला. मुंडावळ्या बांधल्या. अंतरपाटाचं एक टोक ड्रायव्हरनं धरलं. दुसरं धरायला कुणी नाही, तेवढ्यात मिनी ट्रेन आली आणि रुळाशेजारी लग्न बघून थांबली. गार्ड खाली उतरला, म्हणाला, "काय अडचण आहे?" भटजी म्हणाले, "अडचण ह्या टोकाची आहे, धरा." धरलं बिचाऱ्यानं. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. डब्यातले प्रवासी खिडक्यांना लोंबकळून 'सावधान' म्हणायला लागले. अक्षता राहिल्या कर्जतला, मग प्रवाशांनी काय टाकावं? चणे! चणे पडले तशी झाडांवरून माकडं उतरली. शुभमंगल चाललंय आणि एक माकड मामाच्या फेट्याचा तुरा ओढतंय, मामा एका हातानं फेटा धरतोय, दुसऱ्या हातानं भाचीला.

मंगळसूत्र बांधलं गेलं. मुहूर्त गाठला.

मामा तुरा गेलेल्या फेट्यानिशी उघड्या कपाटाकडे गेला. मला वाटलं, आता ह्याला दरीत ढकलतो. त्यानं आतल्या फळीवरून बोट फिरवलं. बोट उन्हात धरून बघितलं. एवढा प्रवास झाला होता, हातगाडी, टेंपो, दोनदा घाट, माथेरानची लाल धूळ.

"जरा बी नाय गं," तो बहिणीला म्हणाला. "आत धूळ जरा बी नाय." आणि जावयाकडे वळून म्हणाला, "आता शिट्टी तेवढी लावा."

लावली हो त्यानं. खरोखरच कुकरची शिट्टी, कपाटाच्या डोक्यावर. माझ्या कुकरची, अर्थात. आणि चेष्टा नाही, पुढं कारखान्यातून मोठं भांडं पेटीत घालून घाट चढवून न्यायचं होतं, तेव्हा त्या पेटीलाही त्यानं हवेला वाट ठेवली. वरिष्ठांनी विचारलं, ही कल्पना कुठून सुचली? तर म्हणाला, लग्नात.

आता दोघं दक्षिणेकडे असतात, तिकडच्या कारखान्यात. मामा मात्र अजून कुठल्याही लग्नाला गेला की आधी विचारतो, "कपाट कुठलं हाय?"

कळलं आता, ही खुर्ची का द्यायची नाही ते? मग असं कर, तुझ्या त्या मोबाइलवरून त्यांना निरोप धाड. मी सांगते तसाच लिही, एक अक्षर बदलू नकोस.

साहेब, तुमची खुर्ची आज भंगारात निघाली होती. मी वाचवली. सातांतला एक पाय हलतो. राखीव आहे, पण हलतो तो हलतोच, आणि इथल्या सुताराला मी हात लावू देणार नाही. चिवड्याच्या डब्याची गळती आमच्या ह्यांच्या कृपेनं ह्या वयातही चालू आहे. माझी सांडशी आणि कुकरची शिट्टी, दोन्ही तुमच्याकडे आहेत, हे मी विसरलेले नाही. तेव्हा दोघं लवकर या, चांगले चार दिवस राहायला या. कपाट आणायचं असेल तर आणा, पण घाटात त्याचं दार उघडं ठेवा.